मशीनमध्ये दोष नाही

तुलसाचे कान तापाने गेले, की ताप उतरावा म्हणून घेतलेल्या कोयनेलच्या गोळ्यांनी गेले, यावर दवनीवाड्यात वर्षभर चर्चा चालली. ती तुलसाच्या देखतच चालायची आणि चांगल्या खणखणीत आवाजात, कारण जिचे कानच गेले तिच्यापुढे दबून बोलायचं कशाला? तुलसा लोकांची तोंडं हलताना बघायची आणि पदर सारखा करून कामाला लागायची. अगदी ठार बहिरी नव्हती ती. कानाशी तोंड नेऊन कोणी ओरडलं तर तिला कळायचं. पण असं ओरडायची मुभा ज्याला होती तो तिचा नवरा रूपलाल, त्याचंच छातीचं दुखणं त्याच सुमाराला उपटलं. आवाज चढवला की खोकल्याची उबळ यायची आणि उबळीबरोबर कधी कधी रक्त. डॉक्टरांनी सांगितलं, बोला, पण हळू बोला.

म्हणजे एकाला ओरडायची मनाई आणि दुसरीला ओरडल्याशिवाय ऐकू येईना. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्यांचं एकमेकांवाचून पान हललं नाही, ती दोघं एका घरात परक्यासारखी बसू लागली.

कानाची मशीन आणायचं रूपलालच्याच मनात आलं. गोंदियात गुलाबचंदचं रेडिओचं दुकान होतं, तिथे नागपूरहून अशा मशिनी मागवून देतात, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं. सन अठ्ठावन्नच्या श्रावणात तो थोरल्या भावाबरोबर, जीवनलालबरोबर, छकड्यात बसून गेला आणि मशीन घेऊन आला. तो त्याचा शेवटचा प्रवास. पानाच्या डबीएवढी मशीन, तिच्यातून निघालेली एक बारीक वायर आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. सोबत एक जाड कार्ड होतं. एका वर्षात मशीन बिघडली तर दुकानदार फुकट दुरुस्त करून देईल, असं त्याच्यावर छापलेलं आणि खाली गुलाबचंदचा शिक्का.

रूपलालनं स्वतःच्या हातानं ते बोंडूक तिच्या कानात बसवलं.

"शामकलाची माय, आयकू येते का?"

तुलसा आधी हसली. मग तिला रडू फुटलं, कारण दोन वर्षांत त्या आवाजाचं काय होऊन बसलं होतं हे तिला त्या दिवशी कळलं. तिच्या आठवणीतला आवाज बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतात पोचायचा. हा आवाज चुलीपर्यंतसुद्धा पोचला नसता. पण तो त्याचा होता, आणि तो तिला ऐकू येत होता. त्या दोन-अडीच महिन्यांत दोघं इतकी बोलली की जाऊबाई रुक्मा चेष्टा करायची, नवं लग्न झालेल्यांनाही एवढं सुचत नाही म्हणून.

बोलणं फिरून फिरून शामकलावर यायचं. त्यांची एकुलती एक पोर, तिरोड्याकडे दिलेली. दिवाळीला ती आली तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. बापाची दशा बघून तिनं हट्टच धरला, नागपूरच्या दवाखान्यात चला, मी येतो संगं. दुखण्यानं चिडका झालेला रूपलाल फटकन बोलून गेला, "तू आपल्या घरचं पाह्य. माह्या घरात शहानपन नको शिकवू." पोर भरल्या ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जोडायला लावून गेली. तेव्हापासून रूपलालला चैन नव्हतं. काय बोलून बसलो, असं तो तुलसाला दिवसातून दहादा म्हणायचा. पण निरोप धाडायचं काढलं की गप्प व्हायचा. बापाचा ताठा हा असा असतो, मोडतो, पण वाकत नाही.

आणि नेमकी त्याच दिवसांत मशीन दगा देऊ लागली.

तुलसानं डबी ठेवायला चोळीला आतून खिसा शिवला होता. तिथून वायर गळ्याशी वळून, पदराखालून कानापर्यंत जायची. ताठ उभी असली की सगळं छान ऐकू यायचं. वाकली की खरखर व्हायची आणि मग सगळं चिडीचूप. पुन्हा ताठ झालं की कधी आवाज परतायचा, कधी नाही. आता बाईमाणसाचा जन्म काय ताठ उभं राहण्यात जातो? पण झाडताना, पाखडताना ऐकू आलं नाही याचं तिला दुःख नव्हतं. रूपलालचा आवाज इतका खोल गेला होता की त्याच्या तोंडाशी वाकल्याशिवाय तो कळायचा नाही, आणि वाकलं की मशीन बंद. ज्या एका कामासाठी ती आणली होती, तेवढं एकच काम ती करीना.

तुलसानं हे रुक्माला सांगितलं आणि रुक्मानं जीवनलालला. नवीन मसाला, म्हणजे बॅटरीचा सेल, घालून पाहिला, काही फरक पडला नाही. तेव्हा जीवनलाल म्हणाला, कार्ड आहे ना, चला गोंदियाला.

इथे त्या घरची रीत सांगायला हवी. धाकटी सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. तो समोर आला की पदर हनुवटीपर्यंत येतो. तो बसलेल्या खाटेवर ती बसत नाही आणि तो ऐकेल अशा जागी परक्याशीही तोंड उघडत नाही. पंचवीस वर्षांत जीवनलालनं तुलसाचा आवाज ऐकला नव्हता. माणूस वाईट नव्हता तो. धाकट्या भावावर जीव होता त्याचा, आणि भावजयीच्या कानासाठी ऐन कापणीत शेत सोडून गोंदियाला निघाला. पण रीत ती रीत. छकड्यात तो पुढे, ही मागे पाठ करून, आणि दोघांमध्ये चार कोसांची मुकी वाट.

गुलाबचंदचं दुकान रेल्वे फाटकाच्या अलीकडे होतं. टापटीप दुकान, भिंतीवर लाकडी रेडिओंची ओळ आणि गल्ल्याजवळ उदबत्ती. जीवनलालनं डबी आणि कार्ड काचेवर ठेवलं.

"शेठ, वाकलं का बंद पडते म्हने. घरची बाई सांगून राहिली."

गुलाबचंद हसला. "झुकने से बंद? पटेल, ये मशीन है, लाजवंती का झाड नहीं."

दुकानात दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती, तीही हसली. गुलाबचंदनं वायर सरळ केली, डबी काचेवर आडवी ठेवली, बोंडूक आपल्या कानात घातलं आणि नखानं डबीवर टकटक केलं. मान डोलावली. मग मशीन तुलसाच्या पुढे सरकवली. तिनं ती हातात धरून बोंडूक कानात घातलं.

"क्यों बाई, सुनाई देता है?"

ताठ उभी होती ती. वायर सरळ होती. ऐकू येत होतं. तुलसानं खरं तेच सांगितलं, मान हलवली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हो म्हणून थांबायचं नव्हतं, पुढचं सांगायचं होतं. ही अशी नाही, खिशात ठेवून बघा. मी वाकते तशी वाकवून बघा. पण खिसा चोळीच्या आत, समोर परके पुरुष आणि शेजारी हातभर अंतरावर जेठ. तिचे ओठ पदराआड हलले आणि मिटले.

"देखो, खुद बोल रही है," गुलाबचंद म्हणाला.

"आठ दिवस ठेवून घ्या, शेठ. चालवून पाह्या," जीवनलाल म्हणाला. त्यानं आपल्या परीनं चिकाटी सोडली नाही, हे कबूल करायला हवं.

"जिसमें खराबी नहीं, उसको रखके क्या करूँ? गॅरंटी मशीन की है पटेल, कान की नहीं. कान की नस सूख रही होगी बाई की."

त्यानं टाक उचलला आणि कार्डाच्या मागे झोकात लिहिलं, 'मशीन तपासली. मशीनमध्ये दोष नाही.' खाली तारीख आणि सही. हिंदी बोलणाऱ्या माणसानं मराठीत लिहिलं, तेही एका चुकीशिवाय. एवढी मेहनत त्यानं वायर वाकवून बघायला घेतली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

घरी कार्ड वाचलं गेलं. एकदा अंगणात, एकदा रूपलालच्या खाटेशी. छापील कार्ड, त्यावर शिक्का, त्याखाली शिकल्या माणसाची सही, त्यापुढे तुलसाचं म्हणणं कोण धरून बसणार? रुक्मा एवढंच म्हणाली, "मशीन ठीक आहे तं मंग तुले आयकू काऊन नाही येत?" तिनं टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं. तुलसाला मात्र ते लागलं. त्या दिवसापासून दोष मशीनमधून निघाला आणि तिच्या अंगात येऊन बसला.

रूपलाल तर लहान मुलासारखा रडला. त्याच्या हिशेबी आता कानच संपत चालले होते, आणि आपण मरायच्या आधी ही पुन्हा मुकाटपणात जाणार होती. रडताना उबळ आली, उबळीत रक्त आलं. तुलसा घाबरली.

"येते आयकू," ती म्हणाली. "आता येऊन राहिलं. माहीच चूक होती."

तो थांबला. डोळे पुसून तिच्याकडे बघून हसला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं आणि त्याचा गुण इतक्या लवकर येतो, हे तिला माहीत नव्हतं. मग तिला त्याची सवयच लागली. तो बोलायचा, ती मान हलवायची. ओठांवरून काही कळायचं, कधी वायर बोटांनी धरून ठेवली तर एखादं वाक्य निसटून कानात यायचं. बाकीचं ती त्याच्या डोळ्यांवरून समजून घ्यायची. मार्गशीर्षात जीवनलाल बाजाराला गेला तेव्हा मशीन एकटाच पुन्हा दाखवून आला. गुलाबचंदनं पुन्हा काचेवर ठेवून टकटक केलं आणि पुन्हा हात झटकले. औरत का वहम है, म्हणाला. जीवनलालनं ते घरी जसंच्या तसं सांगितलं.

माघात धानाची चुरणी चालू होती. घरची सगळी खळ्यावर होती. दुपारी रूपलालनं हातानं खूण करून तुलसाला बोलावलं आणि उशाशी बसवलं. त्या दिवशी तो बराच हुशार दिसत होता. तिचं मनगट धरून तो बोलू लागला.

तुलसा वाकली. खरखर झाली आणि मशीन गप्प झाली. ती ताठ झाली, पदराखाली हात घालून वायर चाचपली, मुरगळली. एक क्षण आवाज आला, "शामकलाले..." एवढा एकच शब्द, स्पष्ट. आणि पुन्हा सगळं बंद.

तो बोलत होता. डोळे छपराकडे लावून, मधेच तिच्याकडे वळून, सावकाश, एकेक शब्द तोलून. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं माणूस बोलतं तसं. मिशांच्या झुपक्याआड ओठ जेमतेम हलत होते. तुलसाच्या तोंडाशी आलं होतं, थांबा, मला ऐकू येत नाही. पण तिला आठवलं ते रडणं, ती उबळ, ते रक्त. आणि तो इतका निवांत दिसत होता! उद्या विचारू, असं तिनं ठरवलं. सकाळी वायर बोटांनी धरून बसू, तेव्हा म्हणू, कालचं पुन्हा सांगा. त्यानं काहीतरी विचारल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"हो," तुलसा म्हणाली.

तो पुन्हा बोलला. ती पुन्हा हो म्हणाली. दारात रुक्मा खळ्यावरून पाण्याचा गुंड भरायला आली होती. दोघांना असं बोलताना बघून ती पाय न वाजवता परत फिरली. शेवटी रूपलालनं तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी ताप चढला. मग तो शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना गेला.

रडायला आलेल्या बायकांना रुक्मा सांगायची, "लय येळ बोलला तिच्याशी. मन मोकरं करून गेला बिचारा." बायका म्हणायच्या, पुण्यवान. तुलसा ऐकू न आल्यासारखी बसायची, आणि बहुतेक वेळा खरंच ऐकू येत नसायचं. ते पुन्हा सांगा म्हणायचा उद्या तिला मिळाला नव्हता. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना दिसत होतं, त्याचं शेवटचं बोलणं गेल्याचं फक्त तिला ठाऊक होतं.

शामकलाचा निरोप आला होता. बाप गेला त्याच्या आदल्या दिवशी ती बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. सव्वा महिन्यानंतर येते.

तेरवी झाली. चार दिवसांनी तुलसा रुक्माला म्हणाली, मला गोंदियाला जायचं आहे. नवऱ्यामागे इतक्या लवकर बाहेर पडणं रुक्माला रुचलं नाही, पण तुलसाचा चेहरा बघून तिनं जीवनलालला सांगितलं. जीवनलालनं काही न विचारता बैल जुंपले.

गुलाबचंदनं तिच्या कपाळाकडे पाहिलं, रिकाम्या मनगटांकडे पाहिलं आणि नेहमीचं हसू आवरलं. तुलसानं कार्ड काचेवर ठेवलं, डबी ठेवली नाही. हातातच धरली. आणि जेठ शेजारी उभा असताना, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडलं.

"हे तुमच्या कानात घाला."

जीवनलाल दचकला. गुलाबचंदनं कार्डाकडे बोट दाखवलं, "बाई, दो बार देखा..."

"कानात घाला. डबी छातीशी धरा. वायर गऱ्याशी घ्या, मी घेतो तशी. आता वाका."

"मैं?"

"नवरा खाटेवर पडून आहे. त्याचा आवाज निघत नाही. त्याच्या तोंडाशी जाचं आहे तुमाले. वाका."

दुकानातली माणसं वळून बघू लागली. गुलाबचंदनं जीवनलालकडे पाहिलं, की आता हा आपल्या घरच्या बाईला आवरील. जीवनलालचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "वाका, शेठ."

गुलाबचंद वाकला. गल्ल्यावर टिकटिकणारं घड्याळ होतं, रस्त्यावर घोड्याचे टांगे होते. एका कानावर तळवा दाबून, दुसऱ्या कानात बोंडूक घालून तो ऐकत राहिला. मग ताठ झाला. पुन्हा वाकला. वर आला तेव्हा तिच्याकडे न बघता त्यानं खण उघडला, नवी वायर काढली, जुनी उपसून नवी बसवली. खुर्चीवर बसायलाही लागलं नाही, एवढ्या वेळात झालं. तुलसानं मशीन उचलून बोंडूक कानात घातलं.

"अंदर से टूटा था. ऊपर से दिखता नहीं," तो पुटपुटला.

"तसं लिहा."

त्यानं कार्डावर लिहिलं, 'वायर बदलली.' दोष होता असं काही लिहिलं नाही. तुलसानं मशीन खिशात घातली. ती वाकून पायरी उतरली आणि बाहेरच्या टांग्यांचा, फाटकाच्या साखळीचा, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज धडाधड तिच्या कानात शिरला. तिला तो नको होता. ज्या खोकल्यासाठी तिनं सगळं केलं असतं, तो आता कुठे होता?

परतीच्या वाटेवर जीवनलाल बैलांकडे तोंड करून बसला होता. अर्धी वाट सरल्यावर म्हणाला, "मी तुले एकदा इचारलं पायजे होतं." तिच्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य. पदर तोंडात कोंबून ती रडत राहिली आणि तो वळून न बघता गाडी हाकत राहिला.

फाल्गुनात शामकला आली. दारातच आईच्या गळ्यात पडून रडली, मग लेकराला मांडीवर घेऊन बसली. ज्या कोपऱ्यात बापाची खाट होती तिकडे तिनं पाहिलं आणि नजर खाली घेतली. दिवाळीपासून ती काय घेऊन जगत होती, हे तुलसाला तिच्या तोंडावर वाचता येत होतं.

"माय, मशीन लावली ना?"

"लावली."

"मोठी माय सांगून राहिली, बाबा जाच्या आधी तुह्याशी लय बोलला म्हनून. माह्याबद्दल काई बोलला का? राग होता का त्याले?"

नाही म्हणावं, असं तुलसाला फार फार वाटलं. राग नव्हता, तुझीच आठवण काढत होता, माझं चुकलं म्हणाला. बहुतेक तेच बोलला असेल. पंचवीस वर्षं ओळखत होती ती त्याला. पण त्याचे शब्द तिच्याजवळ नव्हते. आपले शब्द त्याच्या तोंडी घालून पोरीला द्यायचे, म्हणजे मेल्या माणसाशी पुन्हा एकदा खोटं बोलायचं.

"तुहं नाव घेतलं त्यानं," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग मशीन बंद पडली. मले काईच आयकू नाही आलं, बाई."

शामकलाचा लेकराला थोपटणारा हात थांबला.

"पन मोठी माय म्हनते, तू हो हो म्हनत होती."

"म्हनत होती."

"मंग हो कायले म्हनलं, माय? थांबा म्हनता नाही आलं तुले?"

तिनं ते ओरडून विचारलं नव्हतं. मांडीवरचं लेकरू जागं होऊ नये म्हणून अगदी हळू, ओठांतल्या ओठांत विचारलं होतं. तुलसा पुढे वाकून बसली होती. तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला.